एकाच साच्याचे तुकडे

सोमवारी मी ग्रंथालयात गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले. पिशवीत जिगसॉचा खोका होता, पाचशे तुकड्यांचा, आणि त्यात एक तुकडा कमी होता. एका तुकड्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या एका तुकड्यासाठी आदल्या दिवशी मी दीड तास जमिनीवर रांगले होते, सोफा सरकवला होता, कपाटाखालची कित्येक वर्षांची धूळ बाहेर काढली होती. आणि माझा भाऊ खुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी विचारत होता, "सापडला का गं?"

भाऊ म्हणजे माझा दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जमीन मोजणीच्या कचेरीत त्याने बत्तीस वर्षं नकाशे काढले, केसाएवढ्या बारीक रेघांचे, आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्याची दृष्टी गेली. आधी मधलं दिसेना, मग कडेचंही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. रोज सकाळी आठ ते दीड लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून भिंगं घासायची आणि घरी येऊन दादाला चहाचा कप कुठे ठेवलाय ते सांगायचं. यातला विनोद मला कळतो. हसू येत नाही, एवढंच.

या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, त्यामुळे दुसरं कोणी वाटून घ्यायला नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या हाताला आणि कानाला काम द्या, मन शांत राहील. कोणाचं मन, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून जिगसॉ आणि ऑडिओबुक असे दोन उद्योग घरात आले. दादा तुकडे बोटांनी चाचपून, नुसत्या आकारावरून जुळवायचा. सरळ कडेचे आधी, मग आतले. शेजारी यंत्र पुस्तक वाचत असायचं. लोक म्हणे असं विरंगुळा म्हणून करतात. आमच्याकडे जो काही विरंगुळा व्हायचा तो दादाचा. जमिनीवर पडलेले तुकडे उचलायला मी, यंत्र अडकलं की झटकायला मी, आणि "चित्रात आता काय दिसतंय गं?" याचं उत्तर द्यायलाही मीच.

ग्रंथपालांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गळ्यात मफलर, आवाज इतका हळू की भांडणाची मजाच जावी.

"ताई, तुकडा कमी असला तर खोक्यावर लिहून द्यायचं असतं."

"मी लिहून दिलंय. मागच्या वेळीही दिलं होतं. वाचतं कोण?"

त्यांनी दोन नवे खोके काढून दिले. एकावर बंदरातल्या होड्या, दुसऱ्यावर खिडकी आणि पडदा असलेली एक खोली. मग म्हणाले, "एक सांगतो. हे दोन्ही एकाच कंपनीचे आहेत, एकाच साच्याने कापलेत. याचा तुकडा त्यात अगदी फिट्ट बसतो. बघणाऱ्याला रंगावरून कळतं. तुमच्या भावाला नाही कळणार. एका वेळी एकच खोका उघडा."

"मला काय तेवढी अक्कल नाही का?"

"तुम्हाला आहे हो," ते म्हणाले आणि ऑडिओबुकचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. कोणा जहाजावरच्या स्वयंपाक्याची आत्मकथा होती. वाचणाऱ्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. हौशी मंडळी येऊन वाचून देतात, नाव लावत नाहीत, असं ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी दोनला मी घरी आले तर टेबलावर दोन्ही खोके रिकामे होते आणि मधोमध हजार तुकड्यांचा ढीग.

तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा! काय केलंस हे? एकच खोका उघडायचा सांगितलं होतं ना!"

"एक हातातून पडला. मग ते भरताना दुसऱ्याचंही झाकण उघडलं गेलं. जाऊ दे ना."

"जाऊ दे? हजार तुकडे आहेत! वेगळे कोण करणार?"

"करू नकोस," दादा म्हणाला. त्याची बोटं ढिगातून फिरत होती, आणि कडेची चौकट जवळजवळ पुरी झालेली होती. एरवी चौकटीला त्याला दोन दिवस लागतात. "छान जमतंय मला. एकही तुकडा अडत नाहीये."

अडणार कसा? साचा एकच. चौकटीत होडीच्या शेजारी पडदा, पडद्याच्या शेजारी पाणी, पाण्यावर त्या खोलीच्या भिंतीला लावलेला कागद. दिसायला नुसता गोंधळ होता. मी हात टेकले. त्याला दिसत नाही तर नाही, मीही बघणार नाही असं ठरवलं आणि कपडे धुवायला टाकले.

यंत्रातली बाई वाचत होती. आवाज कोरडा, सपाट, एका सुरातला. कांदे किती पोती, खारवलेले मासे किती पिंपं. मधे पान उलटल्याचा आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा कांदे. कोणाला यात काय गोडी वाटावी देव जाणे. दादा मात्र मान कलती करून ऐकत होता.

बुधवारी निम्म्याहून अधिक चित्र झालं होतं. मी जेवण वाढता वाढता म्हटलं, "भलताच वेगात आहेस."

"ती सांगते ना."

"कोण?"

"वाचणारी. डावीकडचा घे म्हणते. दोन कान आहेत तो. आता फिरव. चुकत नाही कधी."

मी ताट ठेवलं आणि यंत्रापुढे खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटं ऐकलं. वादळ आलं, मोठं भांडं सांडलं, कप्तान ओरडला. तुकड्याचा एक शब्द नाही.

"कुठे काय म्हणतेय?"

"पान उलटताना," दादा म्हणाला. "तेव्हा हळूच सांगते. तू पुस्तक ऐकतेयस, म्हणून तुला ऐकू येत नाही."

आता हेच बाकी राहिलं होतं. खरं सांगते, मला भीती नाही वाटली, वैताग आला. कारण माझ्या पर्समध्ये एका कागदाची पोच होती, आणि त्या कागदात 'मानसिक अवस्था' असा एक रकाना होता. तिथे मी 'उत्तम' लिहून बसले होते.

तेही सांगून टाकते. आमच्या घरापासून पाऊण तासावर वृद्धांसाठी एक निवास आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी दादाच्या नावाने तिथे अर्ज भरून आले होते. शुक्रवारपर्यंत खाट राखून ठेवतो म्हणाले. दादाला मी काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, आज जेवताना बोलू. रोज तो म्हणायचा, "तू आहेस म्हणून बरं चाललंय," आणि मी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढायचे. मला त्याचा कंटाळा आला होता. त्याच्या हाकांचा, 'किती वाजले'चा, त्याच्या चांगुलपणाचासुद्धा. आणि तो घराबाहेर एक आठवडा तरी काढू शकेल का, हे मला माहीत होतं. नसता काढू शकला.

गुरुवारी मी आले तेव्हा पहिलं चित्र पुरं झालं होतं. उरलेल्या पाचशे तुकड्यांचं दुसरं चित्र दादाने पलंगावरच्या फळीवर सुरू केलं होतं, तेही अर्धं होत आलेलं. मी टेबलाकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, वाफेने चष्मा धुरकटला म्हणून काढून पुसायला लागले आणि सहज बाहेर नजर गेली.

माझा नंबर मोठा आहे. चष्म्याशिवाय मला सगळं नुसते डाग दिसतात. आणि त्या डागांत टेबलावरचं चित्र मला पहिल्यांदा दिसलं.

ती आमची बाहेरची खोली होती.

होडीच्या शिडाचा पांढरा भाग म्हणजे आमची खिडकी. बंदराचं काळं पाणी म्हणजे टेबल. भिंतीच्या कागदाचा करडा तुकडा म्हणजे दादाचा स्वेटर. तो पाठमोरा बसलेला, डावा खांदा जरा खाली, अगदी त्याच्यासारखा. आणि त्याच्या मागे एक बाई उभी होती. वाकलेली. तोंड त्याच्या कानाशी.

आधी मला वाटलं, ती मीच. या घरात दुसरी बाई कोण आहे? पण मी बुटकी आहे. ही उंच होती, खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत, वाकूनसुद्धा...

मी चष्मा लावला. होड्या, पडदा, पाणी, नुसता गोंधळ. काढला. बाई.

"दादा, हे मोडायचं," मी बाहेर येऊन म्हटलं. माझा आवाज मला चमत्कारिक वाटला. "आत्ताच्या आत्ता."

त्याने दोन्ही हात चित्रावर पसरले. "थांब. दुसरं व्हायचंय."

पलंगावरच्या चित्राकडे बघायचं नाही असं म्हणत मी चष्मा काढलाच. लांबच लांब बोळ. एका कडेला लोखंडी खाटांची रांग. शेवटच्या खाटेवर एक माणूस बसलेला, करड्या स्वेटरचा, दाराकडे तोंड करून. एकटाच. मधे अजून भोकं होती, त्याच्या चेहऱ्याच्या जागीही.

"चिमे," दादा शांतपणे म्हणाला, "तो निवास चांगला आहे का गं?"

"कसला निवास?"

"'माझ्याच्याने आता होत नाही,'" दादा म्हणाला. त्याच्या नेहमीच्या आवाजात नाही. त्या कोरड्या, सपाट सुरात, वाचल्यासारखं. "'रात्री दोनदोनदा उठावं लागतं. सारखी हाक मारतात. भेटायला येणारे नातेवाईक आणि किती वेळा... कोणी नाही.'"

अक्षर न अक्षर माझं. तो अर्ज मी निवासाच्या कचेरीत बसून भरला होता, तिथेच पाकिटात घालून दिला होता. घरी त्याची साधी प्रतही नव्हती.

"हे तुला कोणी..."

"ती वाचते. पान उलटताना." मग तो म्हणाला, "मी रागावलो नाही. पण 'कोणी नाही' असं कशाला लिहिलंस? तू होतीस की."

मी खाली बसले आणि रडले. कुणापुढे रडण्याची मला सवय नाही, पण रडले. त्या दिवशी फार दमले होते रे, म्हटलं. चिडून लिहिलं. तुला कुठेही पाठवणार नाही, उद्या सकाळी पहिलं काम फोन करून नाही म्हणून सांगते. ते बोलले तेव्हा मनापासून बोलले. आजही तेवढं एक मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

दादाने माझं डोकं चाचपलं. "मी तिला सांगितलं होतं, चिमीला जड होतंय आणि मला घर सोडवत नाही. ती म्हणाली, दोन्ही चित्रं पुरी कर. मग तिचंही होईल आणि तुझंही."

"तू आता काही करणार नाहीस. मी यंत्र बंद करतेय."

मी बटण दाबून यंत्र बंद केलं, कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. तुकडे सकाळी आवरू म्हटलं. कंबरेचा काटा ढिला झाला होता आणि त्या चित्रांना हात लावायचा मला धीर नव्हता, हे दुसरं.

शुक्रवारी दुकानातून मी निवासाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तर एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा, मग तुणतुण्यासारखं संगीत. गिऱ्हाईक समोर उभं. साडेदहाला लावला, व्यस्त. अकराला कोणीतरी उचलला आणि "जरा थांबा हं, नवीन माणूस आलंय दारात," म्हणून बाजूला ठेवला तो ठेवलाच. दहा मिनिटं मी कानाशी धरून उभी होते. लांबून पावलं ऐकू येत होती, कोणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तुटला. चिडून मी फोन खणात फेकला. एवढी साधी गोष्ट, तीसुद्धा धड होऊ नये!

दोनला घरी आले. दार उघडलं तर घरात फिनेलचा वास. आम्ही फिनेल वापरत नाही, दादाला खोकला येतो. टेबलावरचं चित्र होतं तसंच होतं. पलंगावरचं पूर्ण झालेलं होतं. एक तुकडा कमी नाही. दादा टेबलाशी पाठमोरा बसला होता.

"झालं," तो म्हणाला.

"यंत्र नसताना?"

"झालं," तो पुन्हा म्हणाला.

मी दोन्ही चित्रं मोडली. कचाकच मोडली. वाटलं होतं, कालच्यासारखे हात पसरेल, विनवेल. त्याने नुसती खुर्ची मागे सरकवून मला जागा करून दिली. मग मी जमिनीवर बसून होड्यांचे तुकडे एका खोक्यात आणि खोलीचे दुसऱ्यात असे वेगळे करत राहिले. मोजले. पाचशे आणि पाचशे. मधे चहा करून त्याच्यापुढे ठेवला आणि कुठे ठेवलाय ते सांगायच्या आत त्याने हात पुढे करून कप उचलला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सगळं ठीक आहे, दादा घरात आहे, चहा पितोय. खाट राखून ठेवायची मुदत आज संपेल आणि विषय मिटेल.

चारला फोन वाजला.

"मॅडम, निवासातून बोलतेय. भाऊ नीट पोचले हं. थोडं जेवले, आता बसलेत. म्हटलं कळवावं."

"कोणाचे भाऊ?"

"तुमचे. अकराच्या सुमारास त्या बाई सोडून गेल्या ना. कागद सगळे बरोबर होते."

"कोण बाई?"

"तुम्हीच पाठवल्या असतील... उंच आहेत त्या. फारसं बोलल्या नाहीत." तिने आवाज जरा खाली आणला. "भाऊ मात्र सारखे तुमचं विचारताहेत. देते हं."

मी टेबलाकडे पाहिलं. करडा स्वेटर. डावा खांदा जरा खाली. रिकाम्या टेबलावरून बोटं हळूहळू फिरत होती.

फोनवर कोणाचा तरी श्वास आला. मग आवाज.

"चिमे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चिमे, मी कुठे आहे गं? ती म्हणाली, चल दोन पावलं, दाराशी चिमी उभी आहे... मी आलो. तू नव्हतीस. इथे फार लोक आहेत गं... कोणी हाकेला ओ देत नाही. मला घरी ने."

टेबलावरची बोटं थांबली.

"ठेव तो फोन," दादा म्हणाला. न वळता. तोच आवाज, ज्याने मला लहानपणी पाढे शिकवले. "तुझा चहा गार होतोय."

आणि मी फोन ठेवला.

याला दोन वर्षं झाली. तुम्ही विचाराल, गेलीस का नाही बघायला? तीनदा निघाले. एकदा तर बसमध्येही बसले. पण जायचं म्हणजे याला घरात एकटं ठेवायचं, नाहीतर बरोबर न्यायचं. बरोबर नेलं आणि त्या बोळात शेवटच्या खाटेवर... नाही. पहिल्या थांब्यावर उतरले मी.

आणि दुसरं कारण तोंडाने सांगायची लाज वाटते, पण आता सांगतेच आहे तर ऐका. याचा मला काही त्रास नाही. हा हाक मारत नाही. किती वाजले विचारत नाही. रात्री मी सलग झोपते. दुकानातले म्हणतात, तुमचा चेहरा आता चांगला दिसतो, भावाची तब्येत सुधारलेली दिसतेय. मी हो म्हणते.

निवासातून अधूनमधून फोन येतो. मी हं हं करून ठेवते. मागच्या आठवड्यात तीच बाई बोलत होती, जरा वैतागूनच. "मॅडम, रागावू नका, पण एकदा तरी येऊन जा. त्यांची नखं कापायची म्हणजे आमच्या नाकी नऊ येतात. मुठी आवळून बसतात. म्हणतात, रविवारी चिमी येईल, ती कापेल, तिलाच जमतं. शेवटी झोपेत कापावी लागतात."

बघते म्हटलं आणि फोन ठेवला. खरंच आहे ते. सहा वर्षं दर रविवारी सकाळी त्याची नखं मीच कापायचे. वैतागायचे, पण कापायचे.

समोर दादा बसला होता, हात टेबलावर पसरून. मी बराच वेळ त्याच्या बोटांकडे, कालच कापल्यासारख्या आखूड नखांकडे बघत राहिले. या दोन वर्षांत त्याची नखं मी एकदाही कापलेली नाहीत.